संगणक मंद का झाला, हे त्यालाच विचारा

संगणक रखडायला लागला की आपल्याकडे दोनच उपाय सुचवले जातात: ‘रॅम वाढवा’ किंवा ‘फॉरमॅट मारा’. दुरुस्तीचं दुकान असो, ऑफिसातला जाणकार सहकारी असो की घरातला इंजिनिअर भाचा, उत्तर या दोहोंपैकीच एक येतं. कधीकधी त्याने काम भागतंही. पण ज्या यंत्राची जुनी हार्ड डिस्क धापा टाकते आहे, त्यात रॅम वाढवून काय साधणार? आणि ब्राउझरच्या एखाद्या विसरलेल्या टॅबने प्रोसेसर अडवून ठेवला असेल, तर सगळा डेटा बाहेर काढून, डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

खरं तर आपण कुठे अडलो आहोत, हे संगणकाला पक्कं ठाऊक असतं. प्रोसेसर किती वेळ कामात होता, कोणत्या प्रोग्रॅमने किती मेमरी घेतली, डिस्कवरून किती बाइट वाचले गेले, नेटवर्कवरून किती आले-गेले, याचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टिम यंत्र सुरू झाल्यापासून ठेवत असते. हा हिशेब तिला स्वतःच्याच कारभारासाठी लागतो, कारण कुणाला प्रोसेसर द्यायचा आणि कुणाला थांबवायचं हे तिला दर सेकंदाला अनेकदा ठरवायचं असतं. हा हिशेब वाचून माणसाला कळेल असा मांडणारा प्रोग्रॅम म्हणजे सिस्टिम मॉनिटर.

असे प्रोग्रॅम नवे नाहीत. विल्यम लफेव्र यांनी १९८४ मध्ये बीएसडी युनिक्ससाठी ‘टॉप’ लिहिला. डिजिटल कंपनीच्या व्हीएमएस प्रणालीत सर्वांत जास्त प्रोसेसर खाणाऱ्या प्रोग्रॅमची यादी दिसत असे, तशी युनिक्समध्येही असावी ही त्यामागची कल्पना. लिनक्स आणि मॅकच्या टर्मिनलमध्ये त्याच नावाचे प्रोग्रॅम आजही आहेत. विंडोजचा टास्क मॅनेजर डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टमधल्या प्रोग्रॅमरने लिहिला आणि तो १९९६ च्या विंडोज एनटी ४.० बरोबर लोकांपुढे आला. ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांनी २००४ मध्ये ‘एचटॉप’ आणला. तो ‘टॉप’चाच रंगीत, हाताळायला सोपा अवतार.

अडचण अशी की प्रत्येक प्रणालीचा दर्शक वेगळा आणि आकडे मांडण्याची रीतही वेगळी. घरात एक विंडोज लॅपटॉप, मुलीकडे मॅक, ऑफिसात लिनक्सचा सर्व्हर आणि कोपऱ्यात एखादा रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला संगणक, अशी खिचडी आता दुर्मीळ राहिलेली नाही. प्रत्येक यंत्रापुढे नवी भाषा शिकण्यापेक्षा सगळीकडे एकच पडदा मिळाला तर बरं. असे प्रोग्रॅम बरेच आहेत. मी या लेखापुरता ‘ग्लान्सेस’ निवडतो. निकोला एनिओं या फ्रेंच प्रोग्रॅमरने तो पायथनमध्ये लिहिला, तो मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो आणि लिनक्स, मॅक, विंडोज, बीएसडी अशा सगळीकडे चालतो.

त्याच्या सर्वसंचारीपणाचं श्रेय मात्र ‘पीएसयूटिल’ या पडद्यामागच्या लायब्ररीला द्यायला हवं. जाम्पाओलो रोदोला या इटालियन प्रोग्रॅमरने २००९ मध्ये ती सुरू केली. लिनक्सवर बहुतेक आकडेवारी ‘प्रॉक’ नावाच्या एका फोल्डरमध्ये मिळते. त्यातल्या फायली डिस्कवर नसतातच. त्या उघडायला जाल तेव्हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मध्यवर्ती भाग, त्यातला मजकूर जागच्या जागी तयार करून देतो. विंडोजवर हेच आकडे प्रणालीच्या ठरावीक फंक्शनना विचारावे लागतात, तर मॅकवर माख कर्नलला. पीएसयूटिल या तिन्ही दारांवर जाऊन आकडे गोळा करते आणि वरच्या प्रोग्रॅमला एकाच साच्यात देते. सिस्टिम मॉनिटर लिहिणाऱ्यांचं अर्धं काम तिने कायमचं हलकं केलं आहे.

आता ग्लान्सेस यंत्रात कसा बसवायचा ते पाहू. आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या. नावाचं स्पेलिंग म्हणजे ‘ओझरता कटाक्ष’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं अनेकवचन. ते दोनदा तपासा. पायथनच्या सार्वजनिक भांडारात लोकप्रिय नावांशी एका अक्षराचा फरक ठेवून घातक पॅकेज पेरून ठेवण्याचे प्रकार झाले आहेत.

विंडोजवर आधी पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून पायथन उतरवून घ्या. इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत ‘पाथ’मध्ये पायथन जोडण्यासाठी एक छोटा चौकोन असतो. त्यावर खूण करायला लोक हमखास विसरतात आणि मग ‘आज्ञा सापडली नाही’ म्हणून कपाळाला हात लावतात. नंतर कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल उघडून ‘पिप इन्स्टॉल ग्लान्सेस’ लिहा (पिप म्हणजे त्या भांडारातून पॅकेज आणून बसवणारं पायथनचं साधन), एंटर दाबा, आणि ते संपलं की नुसतं ‘ग्लान्सेस’ लिहून पुन्हा एंटर. मॅकवर होमब्रू हा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल ग्लान्सेस’ पुरतं.

उबंटू किंवा डेबियनवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्लान्सेस’ हा सरळ रस्ता. त्यात मिळणारी आवृत्ती जरा जुनी असते, पण ती बाकी प्रणालीशी जुळवून घेतलेली असते आणि घरगुती वापराला तेवढी पुरे. नवीनच हवी म्हणून कुणी तिथे पिप वापरायला गेलं, तर २०२३ च्या डेबियन १२ पासून चक्क नकार मिळतो: हा पायथन प्रणालीच्या ताब्यात आहे, त्यात बाहेरून ढवळाढवळ करू नका. हा नकार योग्यच आहे. लिनक्सची स्वतःची अनेक अवजारं त्याच पायथनवर चालतात, आणि पिपने एखादी लायब्ररी बदलली तर ती मोडू शकतात. या नकारावर मात करणारा एक पर्याय इंटरनेटवर सर्रास सांगितला जातो, त्याच्या नावातच ‘प्रणाली मोडा’ असे शब्द आहेत. तो वापरू नका. ‘पिपएक्स’ नावाचं साधन प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र खोली देतं. ‘पिपएक्स इन्स्टॉल ग्लान्सेस’ म्हटलं की नवी आवृत्तीही मिळते आणि प्रणालीला धक्काही लागत नाही.

प्रोग्रॅम सुरू झाला की काळ्या पडद्यावर आकड्यांची गर्दी होते. पहिल्यांदा पाहणारा बिचकतो. वर संगणकाचं नाव, प्रणाली आणि तो किती वेळ चालू आहे हे असतं. त्याखालच्या पट्टीत प्रोसेसर, मेमरी, स्वॅप आणि लोड. डाव्या बाजूला नेटवर्क, डिस्कची वाचन-लेखन गती, कोणतं ड्राइव्ह किती भरलं, आणि उजवीकडे चालू प्रोग्रॅमची लांबलचक यादी. ‘सी’ दाबलं की ही यादी प्रोसेसरच्या वापरानुसार लागते, ‘एम’ दाबलं की मेमरीनुसार, ‘आय’ दाबलं की डिस्कच्या उलाढालीनुसार. ‘ए’ दाबलं तर जिथे ताण जास्त त्याप्रमाणे क्रम तो स्वतः लावतो. ‘एच’ने मदत उघडते, ‘क्यू’ने बाहेर पडता येतं. एवढ्या कळा माहीत असल्या की सुरुवात झाली.

रंग चार: हिरवा म्हणजे ठीक, निळा म्हणजे लक्ष असू द्या, जांभळा म्हणजे इशारा, लाल म्हणजे गंभीर. प्रोसेसर आणि मेमरीसाठी हे रंग मुळात ५०, ७० आणि ९० टक्क्यांवर बदलतात. या मर्यादा कुणा तरी प्रोग्रॅमरने ठरवलेल्या आहेत आणि सेटिंगच्या फाइलमध्ये त्या बदलता येतात. डिस्कचंही तसंच. १ टेराबाइटचं ड्राइव्ह निम्मं भरलं म्हणून निळं झालं, तर त्यात काळजीचं काही नाही. लाल रंग दिसला की घाबरणारे आणि हिरवा दिसला की निश्चिंत होणारे, दोघंही आकडा वाचत नाहीत. तो वाचणं हाच या सगळ्यातला कस लागणारा भाग, आणि एकेका आकड्यात चांगलीच मेख आहे.

प्रोसेसरपासून सुरुवात करू. ‘वापर ४० टक्के’ असं दिसतं तेव्हा नेमकं काय मोजलेलं असतं? कोणत्याही क्षणी प्रोसेसरचा एक गाभा, म्हणजे कोअर, एक तर कामात असतो किंवा रिकामा. चाळीस टक्के कामात असणं ही स्थितीच नसते. कर्नल फक्त आतापर्यंतची बेरीज ठेवतो: इतका वेळ प्रोग्रॅमसाठी गेला, इतका माझ्या स्वतःच्या कामात, इतका रिकामा गेला. घरच्या वीजमीटरसारखंच हे. मीटर या महिन्याचा वापर सांगत नाही. मागच्या महिन्याचं रीडिंग वजा केल्यावर तो कळतो. ग्लान्सेसही असंच दोन वाचनांमधला फरक काढतो, साधारण दर दोन सेकंदांनी. म्हणून सुरुवातीचा पहिला आकडा बिनकामाचा असतो. त्याआधीचं वाचनच नसतं. म्हणूनच क्षणभराचा झटका या सरासरीत बुडतो. सेकंदाचा पाचवा भाग प्रोसेसर पूर्ण भरला आणि बाकी वेळ मोकळा राहिला, तर दोन सेकंदांच्या सरासरीत तो १० टक्केच दिसेल, भले त्या वेळी माउस अडखळला असेल.

दुसरी मेख यादीत दिसते. एखाद्या प्रोग्रॅमपुढे २५० टक्के असं लिहून येतं आणि पाहणारा म्हणतो, हे बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं. इथे १०० टक्के म्हणजे एक कोअर पूर्ण वेळ. अडीच कोअर कामाला लावले तर २५०. टास्क मॅनेजर मात्र सगळे कोअर मिळून १०० धरतो, त्यामुळे तोच प्रोग्रॅम आठ कोअरच्या यंत्रावर तिथे जेमतेम ३१ टक्के दिसेल. युनिक्सच्या जगात या दोन रीतींना दोन जुन्या प्रणालींची नावं आहेत: पहिली आयरिक्स पद्धत, दुसरी सोलॅरिस पद्धत. ग्लान्सेसमध्ये शून्याची कळ दाबून एकीवरून दुसरीवर जाता येतं. दोन मित्र आपापल्या पडद्यांवरचे आकडे सांगून वाद घालत असतील, तर आधी दोघं एकाच पद्धतीत मोजताहेत का ते बघावं.

याची उलट बाजू जास्त फसवी आहे. वरच्या पट्टीत प्रोसेसर १३ टक्के, सगळं हिरवंगार, आणि तरी प्रोग्रॅम जागचा हलत नाही. आठ कोअरच्या यंत्रावर एक कोअर पूर्ण भरला की एकूण वापर साडेबारा टक्के दिसतो. बरीच सॉफ्टवेअर, विशेषतः जुनी, एका वेळी एकच कोअर वापरतात. त्यांच्यापुरता प्रोसेसर शंभर टक्के भरलेला असतो आणि उरलेले सात कोअर बघत बसतात. ‘१’ दाबलं की प्रत्येक कोअर सुटा दिसतो आणि हे लगेच उघडं पडतं. अशा वेळी जास्त कोअरचा महागडा प्रोसेसर घेऊन पैसे वाया जातात.

मेमरीबद्दल तर इतका गैरसमज आहे की दुकानदारांचा निम्मा धंदा त्यावर चालत असावा. मोकळी मेमरी म्हणजे चांगली आणि भरलेली वाईट, असं आपण धरून चालतो. प्रणालीचा विचार वेगळा असतो. विकत घेतलेली मेमरी रिकामी ठेवण्यात तिला काहीच लाभ नाही; म्हणून एकदा वाचलेल्या फायली ती मेमरीतच ठेवते, पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जायला नको. कुणा प्रोग्रॅमला जागा हवी झाली की हा साठा ती तत्काळ सोडून देते. त्यामुळे ‘फ्री’ हा आकडा नेहमीच केविलवाणा दिसतो. कामाचा आकडा म्हणजे ‘अव्हेलेबल’, म्हणजे मागितल्यास देता येईल इतकी मेमरी. लिनक्सच्या कर्नलने तो स्वतः मोजून द्यायला २०१४ मध्ये, ३.१४ या आवृत्तीपासून सुरुवात केली. ग्लान्सेसची टक्केवारी याच आकड्यावरून काढलेली असते. मॅक आणि विंडोज तर आता क्वचित लागणारा मेमरीतला मजकूर दाबून लहानही करतात, तेव्हा ‘इतके जीबी वापरले’ या वाक्याला तसा फारसा अर्थ उरलेला नाही. ‘रॅम क्लीनर’ नावाची जी फुकट सॉफ्टवेअर मिळतात, ती हाच उपयोगी साठा बळजबरीने रिकामा करतात. आकडा सुंदर दिसतो, यंत्र आणखी मंद होतं.

मेमरी खरोखर अपुरी आहे हे कळतं स्वॅपवरून. रॅममध्ये मावेनासं झालं की प्रणाली काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते, तो स्वॅप. इथेही नुसता भरलेला स्वॅप दोषी नसतो. सकाळी उघडून ठेवलेला, नंतर कुणी न पाहिलेला प्रोग्रॅम तिकडे गेला असेल, तर बिघडलं कुठे? स्वॅप सतत वाढतो आहे, डिस्कची उलाढाल थांबत नाही, आणि एका खिडकीवरून दुसरीवर जाताना यंत्र श्वास रोखतं, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली, तरच रॅमसाठी पाकीट उघडा.

आता लोड. तीन आकडे दिसतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. ही टक्केवारी नाही. प्रोसेसरवर चालू असलेली आणि त्याची वाट पाहणारी कामं सरासरी किती, ते हा आकडा सांगतो. चार कोअरच्या यंत्रावर ४ म्हणजे सगळे कोअर कामात, मागे रांग नाही. ८ म्हणजे तितकेच आणखी ताटकळत. ग्लान्सेस रंग देताना कोअरची संख्या लक्षात घेतो: प्रत्येक कोअरमागे ०.७ ला निळा, १ ला जांभळा आणि ५ ला लाल. तीन आकडे शेजारी ठेवल्याने चढ की उतार तेही कळतं. पहिला मोठा आणि तिसरा छोटा असेल तर ताण आत्ताच आला आहे. उलट असेल तर ओसरतो आहे.

लिनक्सवर मात्र लोडची व्याख्या थोडी सैल आहे. १९९३ मध्ये कर्नलमध्ये एक बदल झाला आणि डिस्कच्या उत्तरासाठी अडकून पडलेली कामंही लोडमध्ये मोजली जाऊ लागली. परिणाम असा की प्रोसेसर रिकामा आणि लोड वीसच्या घरात, असं चित्र दिसू शकतं. नवखा प्रशासक ते पाहून जास्त ताकदीचा सर्व्हर मागवतो. खरा गुन्हेगार असतो डिस्क, किंवा नेटवर्कवरचा कुठला तरी न जोडला जाणारा फोल्डर. विंडोजमध्ये लोड नावाची गोष्ट मुळात नाही. पीएसयूटिल ती तिथे स्वतः मोजून भरते, त्यामुळे दोन प्रणालींच्या लोडची तुलना करण्यात अर्थ नाही.

डिस्कचा आकडा सगळ्यांत भोळा दिसतो आणि सगळ्यांत जास्त फसवतो. सेकंदाला अर्धा मेगाबाइट वाचन चालू आहे, म्हणजे डिस्क आरामात आहे असं वाटेल. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचनदांडीखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात दांडी हलवण्याचा वेळ मिळवला की विखुरलेल्या ठिकाणांहून सेकंदाला शंभरेक तुकडेच वाचून होतात. प्रत्येक तुकडा ४ किलोबाइटचा धरला तर बेरीज फक्त ४०० किलोबाइट. म्हणजे तो अर्धा मेगाबाइट गाठतानाच डिस्कची कमाल झालेली असते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही आणि ती असे हजारो तुकडे सेकंदाला सहज देते. लिनक्सवर ही कोंडी ‘आयओवेट’ या आकड्यात दिसते, म्हणजे प्रोसेसर रिकामा होता आणि डिस्कची वाट पाहत होता तो वेळ. विंडोजवर हा आकडा मिळत नाही. तिथे टास्क मॅनेजरमधला डिस्कचा ‘ॲक्टिव्ह टाइम’ पाहावा. शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा सेवा केंद्रात सात-आठ वर्षांचा हार्ड डिस्कवाला संगणक रडत असेल आणि हा आकडा शंभराला चिकटलेला असेल, तर एसएसडी बसवण्याइतका वसूल होणारा दुसरा खर्च नाही.

नेटवर्कचं चटकन सांगून टाकतो. ग्लान्सेस मुळात गती बिटमध्ये दाखवतो, ब्राउझर डाउनलोड दाखवताना बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटनेच उतरणार. ‘बी’ दाबून एकक बदला आणि मगच इंटरनेटवाल्याला फोन करा. असाच घोळ डिस्कच्या क्षमतेचा: ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, कारण बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. कुणी काही चोरलेलं नसतं.

उन्हाळ्यात आणखी एका आकड्याकडे पाहावं. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये ही मर्यादा बहुधा १०० अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीचंच तापमान चाळिशीपार गेलेलं असतं, त्यात पंख्याची जाळी धुळीने बुजलेली, मग दुपारी यंत्र रांगतं आणि पहाटे पळतं यात नवल नाही. लिनक्सवर ग्लान्सेस तापमान दाखवतो. विंडोज आणि मॅकवर पीएसयूटिलला ते मिळत नाही. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरची चालू वारंवारता घसरली का ते पाहून अंदाज बांधावा लागतो. मॅकवर एक मजेशीर सोंग दिसतं: ‘कर्नल टास्क’ नावाची प्रक्रिया प्रोसेसरचा मोठा वाटा घेऊन बसलेली. लोक तिलाच शिव्या घालतात. यंत्र थंड व्हावं म्हणून बाकी प्रोग्रॅमना प्रोसेसर कमी मिळावा, याची ती व्यवस्था असते, असं ॲपलच सांगतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ तर आणखी निष्पाप. त्याच्यापुढचे ९५ टक्के म्हणजे रिकामा वेळ.

म्हणून यादीत वरच्या क्रमांकावर जो दिसेल त्याला ठार करायची घाई करू नये. ग्लान्सेसमध्ये निवडलेली प्रक्रिया ‘के’ दाबून बंद करता येते. ती कोणती, कुणाची, बंद केल्यावर न जपलेलं काम जाईल का, हे कळल्याशिवाय त्या कळेला हात लावू नका. विषाणूरोधक सॉफ्टवेअरची तपासणी किंवा शोधासाठी चाललेली फायलींची अनुक्रमणी यांसारखी कामं तासाभरात आपोआप संपतात. अर्ध्यात मारली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

ग्लान्सेसची खरी मजा वेब पद्धतीत आहे. त्यासाठी पिपला आज्ञा देताना नावापुढे चौकोनी कंसात ‘वेब’ हा शब्द जोडून जास्तीचे भाग मागवावे लागतात. मग ‘ग्लान्सेस’नंतर एक आडवी रेघ आणि ‘डब्ल्यू’ देऊन तो सुरू केला की घरातल्या कोणत्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा आयपी पत्ता, विसर्गचिन्ह आणि ६१२०८ हा पोर्ट क्रमांक टाकून तोच पडदा पाहता येतो. पडदा नसलेल्या रास्पबेरी पायसाठी किंवा दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरसाठी ही फार मोठी सोय. विंडोजवर टर्मिनलमधला चेहरा रुसला, तर हाच मार्ग कामाला येतो.

सोय आहे तिथे धोकाही आहे. मुळात हा पडदा पासवर्ड मागत नाही आणि नेटवर्कवरच्या प्रत्येकाला दिसतो. वरवर पाहता त्यात गुपित काय असणार? पण यादीत प्रत्येक प्रोग्रॅमची पूर्ण आज्ञा दिसते, आणि आळशीपणाने आज्ञेतच पासवर्ड लिहिणारे लोक सगळीकडे आहेत. कोणती सॉफ्टवेअर चालू आहेत हे कळणंसुद्धा हल्लेखोराला पुरतं. घराबाहेरच्या नेटवर्कवर हा प्रकार करू नका, राउटरमध्ये हा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका, आणि घरातही ‘पासवर्ड’ हा पर्याय देऊनच तो सुरू करा. दूरच्या सर्व्हरवर पाहायचं असेल, तर एसएसएच या सुरक्षित जोडणीने आत शिरून टर्मिनलमध्ये पाहणं सर्वांत सुरक्षित.

एक मर्यादाही सांगायला हवी. ग्लान्सेस पायथनमध्ये असल्याने स्वतःही थोडा प्रोसेसर खातो. यादीत त्याचं नाव वर दिसलं तर दचकू नका. दुबळ्या यंत्रावर ‘टी’ पर्याय देऊन वाचनातलं अंतर पाच-दहा सेकंद करावं. सी भाषेत लिहिलेला एचटॉप किंवा सी++ मधला बीटॉप याहून हलका आहे. फक्त स्वतःच्या एका विंडोज यंत्राशीच मतलब असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर आधीपासून तिथे आहे आणि गेल्या काही वर्षांत तो चांगलाच सुधारला आहे. वेगवेगळी यंत्रं सांभाळणाऱ्याला किंवा दुरून पाहावं लागणाऱ्याला मात्र ग्लान्सेससारखं साधन घ्यावंसं वाटेल.

साधन कोणतंही घ्या, एक काम आजच करून ठेवा. संगणक व्यवस्थित चालत असतानाच ते उघडा आणि नेहमीची कामं करताना प्रोसेसर, उपलब्ध मेमरी, स्वॅप आणि डिस्क किती असतात, ते तारखेसह वहीत लिहा. ग्लान्सेसला ‘एक्सपोर्ट’ पर्यायाने हेच आकडे सीएसव्ही फाइलमध्ये भरत राहायलाही सांगता येतं, ती नंतर एक्सेलमध्ये उघडते. ७० टक्के मेमरी वापरात असणं चांगलं की वाईट, याचं सर्वसाधारण उत्तर नाही. तुमच्या यंत्रावर ती एरवी किती असते, हे माहीत असेल तरच त्या आकड्याला अर्थ येतो, आणि तो नोंदवायला यंत्र बिघडण्याची वाट पाहू नका.